राऊत सर, कापूस आणि खताची पोती

राऊत सरांची पहिली ओळख आर्णीच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या तासाला झाली. सरांनी आम्हाला ओळीने उभं करून एकमेकांचे हात धरायला लावले. "एकटा उभा तो मोनोमर. हात धरत गेले की पॉलिमर," ते म्हणाले. कापसात ग्लुकोजचे रेणू असेच हातात हात घालून उभे असतात आणि खताच्या पोत्यात प्रॉपिलीनचे. कडी बदलली की साखळीचा स्वभाव बदलतो. पुढे मी त्यांच्याच विभागात शिकवू लागलो, पण इतकं सोपं मला कधी जमलं नाही.

यंदा सरांची पंचाहत्तरी. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाला मात्र त्यांनी सपशेल नकार दिला होता. कारण एक जुनी चूक. तरुणपणी ते गावोगाव सांगत, खताची रिकामी पोती कापूस वेचायला वापरा. भिजत नाहीत, कुजत नाहीत. सांगणारे सर, म्हणून लोकांनी ऐकलं. पोत्यांचे धागे कापसात मिसळले. कापड रंगवताना कापसाने रंग घेतला, त्या धाग्यांनी घेतला नाही. कापडावर पांढरे डाग राहिले. कापसातली सरकी काढणारे जिनिंगवाले आमच्या कापसाला नाकं मुरडू लागले.

निवृत्तीनंतर सर सुती झोळ्या शिवून घेऊन बांधोबांध फिरले. महागावजवळ कापूस वेचणाऱ्या शांताबाईंनी त्यांना अडवलंच. "सर, आंधी तुमीच पोतं घ्या म्हनलं, आता तुमीच नोका म्हन्ता. आमी कोनाचं आयकावं?"

"आता माहं आयका, बाई. तवा मले अर्धंच समजलं होतं."

बाईंनी झोळी घेतली. बाकीच्या बांधांवर आजही पोतीच दिसतात, याचं सरांना फार वाईट वाटतं.

दुसऱ्यांच्या चुका सर किती सहज पोटात घालत! प्रयोगशाळेत एका मुलीच्या हातून तराजू पडला, तर "मीच काठावर ठेवला होता" म्हणून मोकळे झाले. स्वतःला ही सूट त्यांनी कधीच दिली नाही.

शेवटी सरांच्या घरी जाऊन मी ग्रंथासाठी हट्ट धरला, तेव्हा म्हणाले, "लिहायचं असंन तर पोत्याचंही लिहिजो. नाही तर नोको." म्हणून लिहिलं.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि कापसाने भरलेली पोती घेऊन एखादी गाडी समोरून गेली, तरी त्यांची मान खाली जाऊ नये, एवढं एकदा तरी घडो.