दोन तंबू, तीन रजा

चाकणच्या आमच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. आता क्वालिटीवाल्याकडे रिपोर्टपेक्षा किस्सेच जास्त साठतात, कारण चूक कुणाचीही असो, आपली बाजू सांगायला सगळे आमच्याच टेबलापाशी येतात! पण नुसत्या दिवेआगरच्या ट्रिपचे किस्से इतके झालेत की कॅन्टीनमध्ये मी तोंड उघडलं की शेजारचं टेबल आपणहून खुर्च्या सरकवतं.

ट्रिप दोन मुक्कामांची. ताम्हिणी घाटातून खाली उतरायचं, समुद्रकाठी नारळाच्या बागेत तंबू ठोकून राहायचं आणि परत यायचं, बस. प्लॅनिंग मात्र दोन वर्षं चाललं होतं!

आम्ही तिघं. मेंटेनन्सचे दत्ताभाऊ, मूळचे रहाटणीचे, पन्नाशी उलटलेले. माणसापेक्षा पान्यावर त्यांचा विश्वास जास्त. स्टोअरमधला सिद्धार्थ, पिंपरीचा, आमच्यात सगळ्यात धाकटा आणि सगळ्यात सरळ. आणि मी.

*

पहिली अडचण रजेची. तिघांना एकदम रजा मिळणं कठीण, म्हणून कारणं वेगवेगळी द्यायची असं ठरलं. मी लिहिलं, मावसभावाचा साखरपुडा. दत्ताभाऊंनी लिहिलं, देवाचं काम.

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी तिघांना केबिनमध्ये बोलावलं. समोर तीन अर्ज.

"साखरपुडा कुठाय?"

घाबरून माझ्या तोंडून खरंच निघून गेलं, "दिवेआगरला, सर."

"आणि तुमचा देव, भाऊ?"

"त्यो बी तिथंच हाय, सर. गणपती."

साहेबांनी तिसरा अर्ज आमच्याकडे फिरवला. सिद्धार्थनं कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता: समुद्र.

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. मग सह्या करत म्हणाले, "सिद्धार्थची रजा मंजूर. साखरपुडा आणि देव, दोघांनी याच्या मागच्या सीटवर बसून जायचं!"

*

जागा बुक करायला फोन मी केला. कॅम्प चालवणाऱ्या नलूकाकू पलीकडे. कॅन्टीनमध्येच स्पीकरवर लावला होता. दत्ताभाऊंचा गुडघा दुखरा, उकिडवं बसता येत नाही, त्यामुळे ते शेजारून सारखे खुणावत होते, ते विचार, ते विचार!

"काकू, वेस्टर्न आहे ना तुमच्याकडे?"

"वेस्टर्नलाच आहे हो! बागेतून बाहेर पडलात की समोरच. संध्याकाळी सगळे पाहुणे तिथेच जाऊन बसतात. फोटो काढतात."

दत्ताभाऊंच्या हातातला घास हातातच राहिला. "फोटो?"

"मग! आणि लहान मुलं तर बाहेरच यायला मागत नाहीत."

काकू समुद्राबद्दल बोलत होत्या हे कळेपर्यंत भाऊ ट्रिप कॅन्सल करायच्या बेतात होते.

*

मेंटेनन्सचा माणूस ट्रायल घेतल्याशिवाय काही चालू करत नाही. तंबूंची ट्रायल दत्ताभाऊंच्या गच्चीवर झाली. अडीच तासांनी दोन्ही तंबू उभे राहिले आणि आम्ही तिघं घामाघूम होऊन खाली बसलो.

तेवढ्यात भाऊंची मंडळी, शकुंतलावहिनी, कुरडयांची परात घेऊन वर आल्या. एका तंबूत डोकावल्या, कापड चाचपलं.

"ब्येस हाय. वाळवणाला कावळा शिरायचा न्हाई."

आणि पुढचे दोन दिवस त्या तंबूत कुरडया मुक्कामाला होत्या!

पण खाली जाताना जिन्यात थांबून वहिनी म्हणाल्या, "मला न्हाई इचारलं कुनी."

दत्ताभाऊ गडबडले. "आगं, तंबूत ऱ्हायचं हाय. जमिनीवर झोपायचं. तुला जमंल का?"

"मावळात म्हायेर माझं. पोर व्हते तवा भात राखायला माळ्यावर झोपायचे मी. एकली. तुमी झोपलाव का कंदी?"

गाडीत चौथी सीट रिकामीच होती. ती त्याच क्षणी भरली.

*

सिद्धार्थचे वडील रिटायर्ड. उभी हयात टूलरूममध्ये गेली. त्यांनी तंबूसोबत आलेल्या खुंट्या बोटांत धरून वाकवल्या. वाकल्या!

"यांच्या भरवशावर झोपणार तुम्ही? वाळूत?"

चार दिवस घरच्या व्हाइसमध्ये पकडून लोखंडी सळ्या कापत, घासत बसले. हातभर लांब सोळा खुंट्या केल्या. प्रत्येकीवर पंच ठोकून नंबर उठवला.

दिवेआगरला पहिल्याच संध्याकाळी वारा सुटला. साधासुधा नाही! शेजारच्या मुंबईकरांचा तंबू उठला आणि थेट सुरूच्या झाडाला जाऊन लटकला. एका जोडप्याची चादर, उशी, चप्पल, सगळं किनाऱ्यावर पांगलं. आमचे दोन्ही तंबू फडफडले, पण जागचे हलले नाहीत.

सिद्धार्थनं धावत जाऊन घरी फोन लावला. "पप्पा, सगळ्यांचे उडाले! आपला एकपण नाही!"

स्पीकरवरून पप्पांनी विचारलं,

"अकरा नंबर बघितला का? त्याचं टोक मला पटलं नव्हतं."

सिद्धार्थ खरंच जाऊन अकरा नंबर बघून आला. मग फोनवर म्हणाला, "ओके आहे, पप्पा." मी आजवर हजारो पार्ट ओके केलेत, पण तो शब्द इतक्या प्रेमानं कधी उच्चारला नव्हता.

*

आणि मग दुसऱ्या दिवशीची सकाळ.

नलूकाकूंची मदतीची बाई आली नव्हती. बागेत आमच्यासकट अठरा पाहुणे, सगळ्यांना नाष्टा हवा. शकुंतलावहिनी सवयीनं उठून स्वैपाकघरात गेल्या आणि कांदा चिरायला बसल्या. काकू नको नको म्हणत राहिल्या. आम्ही बाहेर चहा पीत होतो, दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

"तुमाला बरंय, रोज समुद्र."

"हो. खिडकीतून दिसतो की."

"आन् पान्यात?"

काकूंनी पोहे भिजत घातले. "हे होते तेव्हा गेले होते. आठ वर्षं झाली असतील."

विळीचा आवाज थांबला. वहिनी दारात आल्या.

"अवो, तिघंबी आत या. कांदा हितं, मिरच्या तितं, पोहे भिजवलेत. अठरा ताटं."

"आन् तू कुठं चालली?" दत्ताभाऊंनी विचारलं.

"पान्यात."

काकूंचा हात धरून त्या गेल्यासुद्धा!

मग आम्ही पोहे केले. म्हणजे, तेल किती, मीठ किती, असा मी दोनदा हिशेब मांडला. सिद्धार्थ प्रत्येक तंबूपाशी जाऊन तिखट चालेल का विचारून आला. दत्ताभाऊंनी उलथनं पान्यासारखं पकडलं होतं.

खिडकीतून त्या दोघी दिसत होत्या. लुगडी खोचलेली, हातात हात. आधी घोट्याएवढ्या पाण्यात, मग गुडघ्याएवढ्या. एक मोठी लाट आली आणि दोघी एकदम खाली बसल्या! उठायचं नावच नाही. हसताना दिसत होत्या, ऐकू काही येत नव्हतं.

खालून करपल्याचा वास आला. मी म्हटलं, "भाऊ, पोहे लागतायत!"

"लागू दे," भाऊ म्हणाले. खिडकीवरची नजर काही हलली नाही.

दोघी परत आल्या त्या नखशिखांत भिजून. वहिनींनी कढईतले दोन दाणे तोंडात टाकले. "मीठच न्हाई!"

काकू मात्र स्वैपाकघराच्या उंबऱ्यावर तशाच ओल्या बसल्या. एक ताट घेतलं. करपलेल्या खरपुडीसकट सगळं संपवलं, बोटं चाटली आणि रिकामं ताट दत्ताभाऊंपुढे धरलं.

"मीठ नसेना, आयतं आहे हो. वाढा अजून."