पाण्याचा वळसा

बिरदेवला एका जागी बसवत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. चहा उभ्यानं, जेवण घाईघाईत, आणि लग्नाच्या पंगतीत बसला तरी नजर मनगटावरच्या घड्याळाकडं. सत्तावीस वर्षं तो आमच्या गावाला पाणी सोडतो. खांद्यावर लांब दांड्याची लोखंडी चावी टाकायची, एक वाल बंद करायचा, दुसरा उघडायचा. आधी वरची आळी, मग मारुतीचा पार, मग मधली गल्ली आणि सगळ्यात शेवटी भीमनगर. या वस्तीला पूर्वी जातीच्या नावानं ओळखत. ते नाव पाटीवरून गेलं, पाण्याचा क्रम तेवढा राहिला. मी वरच्या आळीचा, वाशीच्या शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या नळाला पहिलं पाणी का येतं, हा प्रश्न मला पन्नाशीपर्यंत पडला नव्हता.

गेल्या मार्चमध्ये नवी पाइपलाइन मंजूर झाली. ठेकेदाराचा माणूस बिरदेवला म्हणाला, "जुनी लाइन कुठून गेली ते तुम्हालाच माहीत. तिच्यावर चुन्याची फक्की मारून ठेवा, सोमवारी जेसीबी येईल." शुक्रवारी सकाळी घमेल्यात चुना घेऊन बिरदेव निघाला. टाकीपासून पारापर्यंत रेघ सरळ आली. पारापासून तो पश्चिमेला वळला, ओढ्याच्या कडेनं गावामागून फिरला आणि अर्ध्या किलोमीटरचा फेरा घालून भीमनगरात पोचला. पारापासून भीमनगर सरळ मोजलं तर दीडशे पावलं. पण त्याच्या पायांना जुन्या पाइपवरून चालायची सवय. या फेऱ्यामुळंच तिथल्या नळाला करंगळीएवढी धार येते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, तरीही त्यानं रेघ तिथूनच मारली.

शेवटचं घर हरणाबाईचं. वय ऐंशीच्या पुढं, काठीशिवाय चालता येत नाही, पण जीभ तिखट. दारात बसून ती रेघ बघत होती.

"बिरदेवा, नवं पाणीबी ओढ्याकडनंच आणतुयास व्हय रं?"

"व्हय मावशी. लाइनच तशी हाय."

"लाइन कशाची? ती आमची वाट. देवाम्होरनं जायाचं न्हाय म्हणून आमाला तिकडनं फिरवलं. माणसांना वळसा हुता, ते कळतंय. पाण्याला कशापायी?"

बिरदेव हसला, पण घमेलं खाली ठेवलं. जुनी लाइन टाकणाऱ्यांनी होती ती पायवाट धरली असणार. सोपं काम. कुणी मुद्दाम वाईट केलं असंही नाही, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

"मग सरळ वाट न्हवतीच का कवा?" त्यानं विचारलं.

"हुती की. तुझ्या वाडग्यातनं." हरणाबाईनं काठीनं समोरची दगडी भिंत दाखवली. "माझी वरात त्याच बोळातनं आली. आमच्या पोरांनी हट्टानं हलगी वाजवत पारापुढनं आणली. एवढी एकदाच. फुडल्या साली गावानं तुझ्या आज्याला सांगितलं, हितं मेंढराचं वाडगं घाल, जागा तुझी. झालं, वाट बंद."

बिरदेव धनगराचा. गावानं आज्याला जागा दिली, ही त्याच्या घरातली सगळ्यात अभिमानाची गोष्ट. मेंढरं कधीच गेली, आता तिथं चार शेळ्या बांधतात. पण पाहुणे आले, की तो त्यांना ती भिंत दाखवायचा आणि गावानं आपल्याला कसं आपलं मानलं ते सांगायचा. मी स्वतः दहा वेळा ऐकलंय.

त्या दुपारी मी शाळेतून परतल्यावर तो माझ्याकडं आला आणि ओट्यावर येरझाऱ्या घालत राहिला. "गुरुजी, गावानं आज्याला जागा दिली का बूच म्हणून बसवला?"

"तुझा काय दोष त्यात?" मी म्हणालो. असं बोललं, की आपल्यालाही बरं वाटतं.

"दोष कोण इचारतंय?" तो खेकसला. "सोमवारी चर खांदला, की पुढली तीस वरसं पाणी त्याच वाटंनं जाणार. आन् फक्की म्या मारलीया. माझ्या हातानं!"

दरवर्षी मी पाचवीच्या पोरांकडून आपापल्या गावाचा नकाशा काढून घेतो. आमच्या गावची पोरं भीमनगरची वाट बरोबर वाकडी काढतात आणि मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देतो. मला लाज वाटली.

संध्याकाळी बिरदेव सरपंच महारुद्रांकडं गेला. मी बरोबर होतो. सरपंच माणूस वाईट नाही, फक्त त्याला कटकट नको असते.

"आहे तिथंच राहू दे, बिरदेव. जुनं उकरून काय मिळणार? आता कोण कुणाला अडवतंय?"

"माणूस कुणी न्हाय अडवत, सरपंच. भिंत अडवतीया."

"मग भिंत तुझी आहे. तू बघ," असं म्हणून सरपंचांनी फोन कानाला लावला.

खरी अडचण घरात होती. त्याच जागेवर मुलासाठी, कुमारसाठी खोली बांधायची ठरली होती. विटा येऊन पडल्या होत्या आणि त्याच्या बायकोनं, सखूबाईनं दाराची दिशासुद्धा ठरवली होती. बिरदेवचं ऐकून ती भडकली. "वाट सगळ्या गावानं बंद केली. आन् भिंत तेवढी आपलीच पाडायची व्हय? वरच्या आळीच्या कुणाचा एक दगड तरी हलतुया का?"

तिचं खोटं नव्हतं. आणि मी वरच्या आळीचाच होतो.

शनिवार-रविवार तो नुसता चालत राहिला. पारापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून पारापर्यंत, पावलं मोजत. वरच्या आळीचा वाल वेळेवर बंद करायचा राहिला आणि आमच्या गटारी भरून वाहिल्या. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचं घड्याळ चुकलं. लोक म्हणाले, बिरदेवचं डोकं फिरलं.

सोमवारी मी शाळेत रजा टाकली. जेसीबी पारापाशी घरघरत उभा होता. बिरदेव घमेलं घेऊन आला आणि पश्चिमेच्या रेघेकडं न बघता सरळ बोळात शिरला. ओंजळ ओंजळ फक्की टाकत भिंतीपर्यंत गेला. उरलेला चुना त्यानं भिंतीवर फेकला आणि पहार उचलली. गर्दी जमली होती, पण कुणी हललं नाही. मीही नाही. दुसरा दगड निखळला तेव्हा सखूबाई बाहेर आली. कपाळाला आठी तशीच. कुणाशी न बोलता तिनं चारही शेळ्या सोडल्या आणि विटांच्या ढिगापाशी नेऊन बांधल्या. मग माझ्याकडं वळली, "गुरुजी, बघता काय नुसतं? दगड उचला."

मी उचलले. पाच-सहा जण आले, बाकीचे निघून गेले. भिंत पडली तेव्हा पलीकडं हरणाबाईचं दार दिसलं, इतकं जवळ की तिच्या चुलीवरची भाकरी दिसत होती.

महिन्याभरात लाइन झाली. भीमनगरच्या नळाला मनगटाएवढी धार आली. कुमारची खोली सहा फुटांनी लहान झाली आणि त्यावरून सखूबाई अजून बोलते. बिरदेवनं पाण्याचा क्रमही बदलला. आता आठवड्यातून दोनदा आमची आळी शेवटी असते, आणि माझ्याच घरात त्यावरून कुरकुर होते.

परवा सकाळी बिरदेव आणि मी त्या नव्या वाटेवर उभे होतो. हरणाबाई काठी टेकत घराबाहेर पडली. तिला पाराजवळच्या दवाखान्यात जायचं होतं. समोर वाट मोकळी होती, तरी ती ओढ्याकडं वळली.

"मावशी!" बिरदेव ओरडला. "अवो, हिकडनं या की! सरळ हाय आता!"

ती थांबली. तिनं वाटेकडं बघितलं.

"दिसतंय रं मला," ती म्हणाली. "पर पाय वळत्यात तिकडं. त्येंला मी काय करू?"

आणि ती ओढ्याच्या कडेनं निघाली. बिरदेवनं चावी माझ्या हातात दिली आणि तो तिच्या मागं धावला.