अर्जातला दुसा

खोंड खाली पाडून झाला होता. चारी पाय बांधलेले, मान आमच्या दवाखान्यातल्या महादूनं गुडघ्याखाली धरलेली. भुलीचं इंजेक्शन देऊन मी घड्याळाकडे बघत उभा होतो. भूल लागायला दहा मिनिटं द्यायची असतात. त्यातली सहा गेली होती. तेवढ्यात एक बाई स्कूटीवरून अंगणात आल्या, गाडी कशीबशी उभी केली आणि डोक्यावरचा पदर सावरत सरळ आमच्याकडे चालत आल्या. खोंडाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आबा, ह्यो तर पाखऱ्या हाय," त्या म्हणाल्या.

आबा म्हणजे त्यांचे सासरे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गुडघे दुखतात म्हणून ते बाजेवर बसूनच देखरेख करत होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "लेखी हाय पोरी. विक्रमनं सवता लिवून दिलंय. दुसा खच्ची करायचा. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलंय, ह्यो दुसा हाय."

आणि ते खरंच होतं. तोंड मीच उघडून बघितलं होतं.

मी पशुवैद्यक. गेल्या वर्षी निवृत्त झालो. शेवटची बरीच वर्षं माण तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात काढली. मूळचा वाईचा. लहानपणी गाई बघितल्या त्या घाटावर, भाविकांच्या हातची केळी खाताना. त्यामुळे माणात आल्यावर पहिलं वर्ष मी औषधांपेक्षा नावंच जास्त शिकलो. गाईचं पिल्लू वासरू, हे शाळेतल्या पुस्तकात होतं. पण मादी वाढली की ती कालवड, नर वाढला की खोंड. कालवड व्याली की गाय झाली. खोंडाला खच्ची केलं की तो बैल, आणि गावच्या गाईंसाठी राखला तर वळू. म्हशीचं रेडकू, त्यातली मादी पुढे रेडी. शेळीचं करडू, त्यातली मादी वाढली आणि अजून व्याली नसली तर पाठ. एकदा मी एका आजींच्या पाठीला शेळी म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की ह्याच्याकडून इंजेक्शन टोचून घ्यावं की नाही.

खोंडांचं प्रकरण तर आणखी पुढचं. आमच्या फॉर्मवर वयाच्या रकान्यात महिने लिहायचे असतात. इथे महिने कुणी मोजत नाही, दात मोजतात. गुरांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. आधी सगळे दुधाचे. तोवर तो खोंड आदत. साधारण दोन-सव्वादोन वर्षांनी मधले दोन पडतात आणि त्या जागी रुंद, कायमचे दोन येतात. मग तो दुसा. पुढची जोडी आली की चौसा. शर्यतीच्या मैदानावर याच नावांनी गट पडतात, बाजारात याच नावांनी किंमत होते. मला ही पद्धत फार आवडली. महिने सांगताना मालक चुकतो, कधी मुद्दाम चुकतो. दात समोर दिसतात. मी फॉर्मवर महिन्यांच्या जागी बेधडक दुसा, चौसा लिहायला लागलो आणि आपण आता इथलेच झालो, असं मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

तर त्या दिवशी खच्चीकरणाचं शिबिर होतं. खच्ची करणं म्हणजे नराचं बीज बंद करणं, की तो शांतपणे जोताला चालतो. आम्ही कापाकापी करत नाही. मोठ्या पकडीसारखा चिमटा असतो, त्यानं कातडीवरूनच आतली नस दाबून निकामी करायची. रक्ताचा थेंब येत नाही, काम पाच मिनिटांचं. मात्र एकदा झालं की झालं. ते परत जोडता येत नाही.

सहा जनावरं देवळापुढच्या मैदानात उरकली. सातवा अर्ज आबांच्या घरचा. त्यांना चालत येणं जमत नव्हतं, म्हणून आम्हीच त्यांच्या गोठ्यावर गेलो. दावणीला दोन खोंड होते. दोघंही खिलार जातीचे, पांढरेशुभ्र. मी दोघांची तोंडं उघडली. एकाला चार कायमचे दात, एकाला दोन. अर्जात लिहिलं होतं, 'दुसा खोंड, एक.' शंका घ्यायला जागाच नव्हती. आम्ही दुसा पाडला.

आणि आता सूनबाई, वैशाली त्यांचं नाव, म्हणत होत्या की हा नाही. मुलाला शाळेत सोडायला त्या दहिवडीला गेल्या होत्या. आम्ही दुपारनंतर येऊ असं त्यांना वाटलं होतं.

मी म्हणालो, "ताई, अर्ज तुमच्याच घरचा आहे."

"व्हय, अर्ज त्यांचाच हाय. पर त्यांनी ह्याला न्हाई सांगितलं. त्यांनी हरण्याला सांगितलंय." त्यांनी दावणीच्या चौशाकडे हात केला.

मला राग आला, हे कबूल करतो. सहा जनावरं पाडून पाठ मोडली होती. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट द्यायचा होता. त्यात घरातलीच दोन माणसं दोन गोष्टी सांगत होती. आबा म्हणाले की अर्जात बदल करायचा तर विक्रमलाच विचारायला हवं. विक्रम म्हणजे वैशालीताईंचा नवरा. सैन्यात, तेव्हा कुठेतरी डोंगरातल्या चौकीवर. आठवड्यातून एकदा, रविवारी, त्याचा फोन यायचा. वैशालीताईंनी तरी दोनदा लावून बघितला. लागला नाही.

महादू म्हणाला, "साहेब, धा मिनिटं झाली."

वैशालीताई खोंडाच्या मानेजवळ खाली बसल्या. सासऱ्यांसमोर त्या मोठ्यानं बोलत नव्हत्या. पण त्यांनी त्याच्या गळ्यातला कासरा हातात घेतला होता आणि तो त्या सोडणार नव्हत्या, हे मला दिसत होतं. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचं माहेर सांगली जिल्ह्यात, आटपाडीच्या बाजूला. लग्नात वडिलांनी दागिन्याबरोबर एक खिलार गाय दिली होती. ती गाय साथीत गेली. माहेरची गाई-गुरंही वडिलांच्या मागे विकली गेली. त्या गाईच्या वंशाचं आता एकच जनावर उरलं होतं, तो हा पाखऱ्या. तो वळू म्हणून राखायचा, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. हरण्या बाजारातून आणलेला. त्याला बैल करायचा आणि जोताला लावायचा.

"मग त्यांनी दुसा का लिहिलं?" मी विचारलं.

"तवा हरण्याच दुसा हुता, डॉक्टर. ते शिमग्याच्या सुट्टीवर आल्यावर अर्ज दिलाय. पाखऱ्याला तवा कुठलं दोन दात? गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिशी ह्याचा पहिला दात पडला. चार दिस ह्याला कडबा चावंना. मी पेंड भिजवून घातली."

मी स्वतःच जाऊन अर्ज आणला. तो गाडीतल्या फाईलमध्ये होता. त्यावर आमच्या दवाखान्याचा आवक शिक्का होता. शिमग्याचा.

आता मार्गशीर्ष चालू होता. मध्ये नऊ महिने गेले होते. शिबिर उन्हाळ्यात व्हायचं होतं, तेव्हा भुलीचं औषध स्टॉकमध्ये नव्हतं. औषध आलं तर पेरण्या सुरू झाल्या. मग लसीकरणाची मोहीम, मग आमच्या निम्म्या स्टाफला निवडणुकीची ड्यूटी. अर्ज फाईलमध्ये जसाच्या तसा होता. गोठ्यात मात्र हरण्याला पुढची जोडी येऊन तो चौसा झाला होता आणि आदत पाखऱ्या दुसा झाला होता. मालकानं जो राखायला सांगितला होता, नेमका त्याच्याच अंगावर आता अर्जातलं नाव येऊन बसलं होतं.

हे सगळं पटण्यासारखं होतं. तरी ते एका बाजूचं सांगणं होतं आणि माझ्या हातात सहीचा कागद होता. कानातल्या बिल्ल्याचा नंबर असता तर वाद दोन मिनिटांत मिटला असता. तो रकाना बघितला. तिथे 'बिल्ले शिल्लक नाहीत, नंतर भरावे' असा शेरा होता, आणि अक्षर माझं होतं. पुढे बिल्ले आले, दोन्ही खोंडांना मारलेही, पण अर्जात नंबर भरायचा राहून गेला. मोबाईलमधल्या सरकारी नोंदीत दोघंही एकसारखेच, 'नर, एक वर्षावरील'.

मग मला वरची ओळ दिसली. 'माझा' आणि 'दुसा खोंड' यांच्या मध्ये एक शब्द खोडलेला होता. निळ्या शाईनं लिहिलेला, काळ्या शाईनं खोडलेला. काळं पेन माझं. मी कागद उन्हात तिरका धरला. 'ह' दिसला, मग 'र'. पुढचं नीट लागत नव्हतं, पण लागायची गरजही नव्हती.

आणि तेव्हा मला तो माणूस आठवला. उंच, केस बारीक कापलेले, टेबलासमोर ताठ उभा. अर्ज आधीच लिहून घेऊन आला होता. मी वाचून त्याला म्हणालो होतो की सरकारी अर्जात लाडाची नावं लिहायची नसतात, प्रकार लिहायचा. नाव मीच खोडलं, दात किती ते विचारून त्यापुढे दुसा लिहिलं आणि स्थानिक भाषेवरची आपली पकड बघून खूशही झालो. त्यानं खाली सही केली. फौजेतला माणूस, अधिकाऱ्यानं खोडलं म्हणजे बरोबरच असेल, असं त्याला वाटलं असणार.

मला फार लाज वाटली. चिमटा माझ्या पायाशी तयार होता. ताई स्कूटीवरून पाच मिनिटं उशिरा आल्या असत्या, तर त्यांच्या माहेरचं शेवटचं जनावर मी माझ्याच अक्षराच्या भरवशावर संपवलं असतं, आणि कागदोपत्री मी बरोबर ठरलो असतो.

"महादू, पाय सोड," मी म्हणालो.

आबा बाजेवरून म्हणाले, "लेखी हाय नव्हं डॉक्टर?"

"लेखी आहे आबा. पण ते मी लिहिलंय." मी कागद त्यांच्या हातात दिला आणि खोडलेली जागा दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग सुनेकडे वळून एवढंच म्हणाले, "तुज्याच बापाच्या गाईचा व्हय गं ह्यो? मला ठावंच न्हाई." ते वर्षातले सहा-आठ महिने शिरवळला कंपनीत नोकरी करणाऱ्या थोरल्या मुलाकडे असत. दोन्ही खोंड त्यांच्या लेखी सारखेच होते. त्यांच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं.

पाखऱ्या धडपडत उठला. भुलीमुळे मागचा भाग जरा जड झाला होता, पण तासाभरात तो सरळ चालायला लागला. वैशालीताईंनी त्याला पाणी दाखवलं आणि मग चुलीकडे जाऊन आमच्यासाठी चहा टाकला. कपबशी ठेवताना चहा बशीत सांडला.

हरण्याला त्याच दिवशी उरकावं, असं महादूचं म्हणणं होतं. मी नको म्हणालो. सकाळपासून आपली खात्रीच जरा जास्त झाली होती, आता विक्रमचा फोन येऊ दे.

संध्याकाळी जिल्ह्याच्या साहेबांचा फोन आला.

"किती झाले?"

"सहा."

"अर्ज सात होते ना?"

"सातवा चौसा निघाला, सर."

"मग काय झालं? चौसा खच्ची होत नाही का?"

"होतो सर. पण अर्ज दुशाचा होता."

"मग दुसा नव्हता का तिथे?"

"होता. पण तो तेव्हा आदत होता."

मग साहेब म्हणाले की शिबिराच्या दिवशी दमणूक होते, हे त्यांना समजतं, रिपोर्ट मी उद्या पाठवला तरी चालेल. मी रिपोर्टमध्ये सहा लिहिले आणि शेऱ्यात 'एक प्रलंबित'. त्या शेऱ्याबद्दल पुढे मला लेखी खुलासा द्यावा लागला. तो दोन पानं झाला. तो कुणी पूर्ण वाचला असेल, असं मला वाटत नाही.

रविवारी सकाळी दवाखान्याच्या फोनवर विक्रमचा फोन आला. बायकोनं सगळं सांगितलं होतं. मी त्याला माझी चूक सरळ सांगून टाकली. तो म्हणाला, "साहेब, मी हरण्याच लिवलं हुतं. तुमी खोडलं तवाच वाटलं, सांगावं. पर म्हटलं, तुमाला जास्त ठावं असणार."

त्याच आठवड्यात मी आणि महादू परत गेलो आणि हरण्याचं काम केलं. या वेळी तोंड उघडण्याआधी मी वैशालीताईंना विचारलं, हाच ना? त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून हो म्हटलं, मगच चिमटा बाहेर काढला.

एवढ्या वर्षांच्या नोकरीतून मी जे शिकलो, त्यातलं हे एक. जनावर रोज वाढतं, फाईल वाढत नाही. दात बघून दिलेलं नाव त्या दिवसापुरतं खरं असतं, आणि कोणतं जनावर कोणतं हे त्याला पेंड भिजवून घालणाऱ्या माणसाला विचारायचं असतं. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये मी पट्टीनं एक जादा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'घरात काय म्हणतात'. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर लाल शेरा मारला की हा रकाना विहित नमुन्यात नाही. मी 'नोंद घेतली' असं लिहून सही केली आणि पुढच्या पानावर पुन्हा तोच रकाना आखला.

त्या रकान्यातली पहिली नोंद वैशालीताईंची आहे. मी भरत होतो, तर त्यांनी पेन मागून घेतलं. दाताच्या जागी काहीच न लिहिता त्यांनी नाव लिहिलं, पाखऱ्या. आणि समोर, मला न विचारता, ठळक अक्षरात, 'ह्याला कदी बी खच्ची करायचं न्हाई.'

ते मी खोडलं नाही.