अडुसष्टचा विहिरीचा पिच्चर

मंगळवारी सकाळी ते गेले. त्यांच्या दोस्तानं, टेलरनं फोन करून सांगितलं. मी वाचनालयात होतो. पेपर आला होता. मी तो टेबलावर ठेवला, दाराला कुलूप लावलं आणि त्यांच्या, समोरच्या सायकलवाल्यांच्या, घरी गेलो.

तेव्हापासून माझं वाचन होत नाही. एकच पान तीनदा वाचतो, उठतो, ओट्यावर जातो, परत येतो. खरं तर बसून राहण्यातच माझं आयुष्य गेलं. आधी शाळा, निवृत्तीनंतर कामरगावचं हे वाचनालय. एका जागी न ठरणं हा त्यांचा स्वभाव होता, माझा नव्हे.

विचार करताना त्यांचा उजवा हात हवेत गोल फिरायचा. मूठ अर्धी मिटलेली, जणू हँडल धरलंय. नवख्या माणसाला वाटे, हातात काही दुखतंय. ते सिनेमाचं रीळ उलटं गुंडाळत असत. हात थांबला की मुद्दा सापडला असं समजायचं. मग ते म्हणत, "अडुसष्टचं बोला राजेहो. बाकीचं राहू द्या."

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळ्या आयुष्यातलं एकच वर्ष पुरतं. सदुसष्टच्या दिवाळीनंतर कामरगावात टुरिंग टॉकीजचा तंबू पडला आणि अडुसष्टचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत राहिला. ते त्यावर ऑपरेटर होते. हंगाम संपला, मालकानं तंबू आणि मशीन विकून टाकलं. मग त्यांनी वाचनालयासमोर सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते शेवटपर्यंत चालवलं. "मले एकाच सालाचं समजते," ते म्हणत, "पन थे पुरं समजते."

मी एकदा शंका काढली की दिवाळीपासून धरलं तर पहिल्या दोन महिन्यांचे सिनेमे सदुसष्टचे होतात. हात फिरला, थांबला. "सर, तुमच्या शाळेचं वर्ष तरी कुठं जानेवारीत सुरू होते?"

शिवाय त्यातले बरेच सिनेमे मुंबईत दोन-दोन वर्षं आधी लागून गेलेले असत. तेही त्यांना मंजूर नव्हतं. कामरगावात जेव्हा लागला तेव्हाचा तो पिच्चर. त्याआधी तो फक्त पेटीत होता.

वादाची जागा वाचनालयाचा ओटा, वेळ सकाळी पेपर वाचून झाल्यावरची. वाद घालणारे दोघे, ते आणि टेलर. टेलर त्या हंगामात तंबूत जमिनीवर बसून प्रत्येक खेळ पाहणारा. मी पंच, कारण मी या गावात फार नंतर आलो. सिनेमाचं नाव कोणी घेत नसे. तंबूतल्या लोकांनी ठेवलेली खूणच चालायची. घोड्याचा, दोन बहिणींचा, विहिरीचा. टेलरचं मत घोड्याच्याला. त्यांचं विहिरीच्याला. वर्षानुवर्षं हेच.

"काय हाये तुह्या घोड्यात?" ते टेलरला विचारत. "तीन घंटे पळते निस्ता."

"आन तुह्या विहिरीत काय हाये भौ? तीन घंटे खड्डा खंदते!"

एवढ्यात दुकानाशी कोणी पंक्चर घेऊन उभा राही. ते वाक्य अर्धं टाकून जात आणि पाच मिनिटांनी हवा भरून परत येत ते त्याच अर्ध्या वाक्याच्या पुढच्या शब्दावर. ओट्यावर ते कधी टेकले नाहीत. मी बसा म्हटलं की म्हणत, "ऑपरेटर बसला की पिच्चर हालते, सर."

विहिरीच्या सिनेमाचं मात्र एक प्रकरण होतं, आणि ते सारं गाव सांगतं. दोन भाऊ विहीर खणतात. पाणी लागत नाही. दोघांचं भांडण होतं. शेवटी धाकटा खाली असताना सुरुंग उडतो, पडदाभर धुरळा होतो. इथं रीळ संपलं. ऑपरेटरनं पुढची पेटी उघडली तर आत भलत्याच सिनेमाचं रीळ. शेवटच्या रिळाची पेटी एसटीच्या टपावरून उतरलीच नव्हती, ती गाडीबरोबर पुढं निघून गेली होती. बाजाराचा दिवस, तंबू भरलेला, मालक वाशीमला. सिनेमा एकाच दिवसापुरता आलेला. लोक ओरडायला लागले.

त्यांनी मशीनचा दिवा चालू ठेवला. पांढऱ्या पडद्यासमोर जाऊन, गावात जाहिरात करायचा भोंगा हाती घेतला आणि म्हणाले, "पुढचं मी सांगतो. मले मालकानं सांगेल हाये."

पाव तास ते बोलले. थोरला भाऊ दोर कमरेला बांधून खाली उतरतो. हातानं दगड उपसतो. धाकटा सापडतो, श्वास चालू असतो, आणि त्याच्या पायाखाली ओल असते. पाणी लागलेलं असतं. टेलर सांगतो की लोक पांढऱ्या पडद्याकडं पाहत रडत होते. अजूनही इथं कोणाच्या विहिरीला जोराचं पाणी लागलं की म्हातारी माणसं म्हणतात, "पिच्चरवानी लागलं."

आता माझी चूक सांगतो.

मागच्या हिवाळ्यात वाशीमच्या ग्रंथालयात मला जुन्या हिंदी सिनेमांच्या कथांचं एक जाड पुस्तक मिळालं. त्यात तो सिनेमा होता. छापील कथेत धाकटा भाऊ विहिरीतच मरतो. पाणी लागत नाही. थोरला ती विहीर बुजवतो.

मी ते पुस्तक सोबत आणलं. इतकी वर्षं मी नुसता पंच होतो, कारण मी काही पाहिलेलं नव्हतं. आता माझ्याकडं पुरावा होता. दुसऱ्या दिवशी ओट्यावर, टेलर आणि पेपर वाचायला आलेले दोघं-तिघं बसलेले असताना, मी तो परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला. शाळेत धडा वाचावा तसा.

त्यांचा हात फिरत होता. थांबला. पण मुद्दा आला नाही.

"बुजवते?" त्यांनी विचारलं.

"बुजवतो."

"बरं," ते म्हणाले आणि दुकानाकडं गेले.

टेलरनं माझ्याकडं पाहिलं. "काहून वाचलं सर तुमी?"

"खरं काय ते कळायला नको?"

"मले मालूम होतं ना! दुसऱ्याच साली अकोल्यात पुरा पाहून आलो मी थो पिच्चर. गावातल्या धा-बारा जनाईले मालूम हाये."

"मग इतक्या वर्षांत बोलला नाहीत?"

"कायले बोलाचं? आमाले याचाच शेवट पायजे होता."

त्या दुपारी मी दुकानात गेलो. ते एका चाकाच्या तारा आवळत होते. मी म्हणालो, चुकलं माझं. त्यांनी चाक फिरवून पाहिलं, पुन्हा एक तार आवळली.

"मालकानं मले काईच सांगतलं नवतं, सर. शेवट मलेच मालूम नवता. पन समोर चार-पाच जन बसले होते, पलीकडच्या तांड्यावरचे. इथंच एका विहिरीवर कामाले होते. त्याईले दुसऱ्या दिवशी सकायी खाली उतराचं होतं. त्याईच्या तोंडाकडं पाहून मी धाकट्याले मारू कसा?"

चाक भिंतीला टेकवून म्हणाले, "पन खोटंच झालं ना थे. साऱ्या गावाले खोटं सांगतलं मी. हे जीवाले लागून राह्यलं आता."

चार दिवस ते ओट्यावर आले नाहीत. पाचव्या दिवशी आले, उभे राहिले आणि टेलरला म्हणाले, "मास्तर, तुहा घोड्याचाच चांगला. माहं मत त्याले."

टेलर उडालाच. "असं कसं? मी माहं मत आता विहिरीच्याले देल्लं!"

"तुले विहिरीतलं काय समजते?"

"तुह्यापरीस जास्त समजते. तूनं त शेवटच पाह्यला नाई!"

त्या दिवसापासून वाद पुन्हा सुरू झाला, बाजू तेवढ्या उलट्या. ते घोड्याच्या बाजूनं बोलत, पण बोलण्यात जोर नसे. टेलर विहिरीची बाजू इतकी जीव तोडून मांडी की मला हसू आवरत नसे. हा खेळ कशासाठी चाललाय ते तिघांनाही कळत होतं. पण ते मत परत घेईनात. येरझाऱ्या वाढल्या. दुकानातून ओट्यावर, ओट्यावरून दुकानात, हातात पाना तसाच.

एक दिवस माझ्यासमोर थांबले. "सर, तुमचं मत राह्यलं. पंच-बिंच काई नाई. थो पिच्चर पुरा पाहा आन मले सांगा, कोन्ता शेवट बरा. पुस्तकातलं नका सांगू."

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तो सिनेमा मोबाइलवर मिळवून दिला. मी लगेच पाहिला नाही. आज पाहू, उद्या पाहू करत महिना गेला. मला भीती होती की छापील शेवटच चांगला निघेल आणि मला खोटं बोलता येत नाही. शेवटी सोमवारी दुपारी पाहिला. शेवट नीट केलेला आहे. थोरला भाऊ एकेक पाटी माती टाकतो, कुणी बोलत नाही. जाणकार त्याची वाखाणणी करतील. मला मात्र सगळा वेळ तांड्यावरची ती चार-पाच माणसं दिसत होती, सकाळी दोर धरून उतरणारी. मंगळवारी ओट्यावर त्यांना सांगायचं मी ठरवलं, की तुमचा शेवट बरा. तो त्या दिवशी, त्या लोकांपुढं, बरोबर होता.

मंगळवारी सकाळी ते गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या दारात माणसं बसली होती. तांड्यावरून एक म्हातारा नातवाच्या मोटरसायकलवर आला. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. माझ्याजवळ टेकला. म्हणाला, "मी विहिरीवर कामाले होतो तवा. यायनंच सांगतली होती थे कहानी, भोंग्यावर. पुढं तीस वर्सं उतरलो मी विहिरीत." त्यानं नातवाकडं बोट केलं. "माहा नातू म्हन्ते, आबा, पिच्चरात असं नसते. तुमी शिकले-सवरले. पिच्चरात पानी लागलं होतं ना, सर?"

टेलर पलीकडं बसला होता. त्यानं मान खाली घातली.

"लागलं होतं," मी म्हणालो. "मी सोमवारीच पाहिला. धाकटा वर आला, आणि पाणी लागलं."

म्हातारा नातवाकडं वळला. "आयकलं?"

ते जाड पुस्तक मी वाशीमला परत केलं आहे. मोबाइलवरचा सिनेमा काढून टाकला आहे. कामरगावात त्या सिनेमाचा आता एकच शेवट आहे.