पलंगापाशी सॉकेट

गल्लीत तिला सगळे शिवणवाली म्हणत. मशीनवर बसली की पाय आणि तोंड दोन्ही एकदम चालू. पण तिनं शिवलेलं कधी उसवून परत आलं, असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. घरात तिची गाठ होती ती सासूबाईंशी. पक्षाघातानं त्यांचं उजवं अंग गेलं होतं. जीभ मात्र वाचली, ती दुप्पट धारेनं.

पडून पडून सासूबाईंच्या पाठीला जखम झाली, तशी डॉक्टरांनी हवेची गादी आणायला लावली. गादीचा पंप अखंड चालू हवा आणि सॉकेट तर थेट दाराजवळच्या बोर्डात. मधे लोंबणाऱ्या वायरीत कुणाचा ना कुणाचा पाय अडकायचा, प्लग निसटायचा, गादी बसायची आणि म्हातारीची पाठ फळीला टेकायची. काल पट्टी बदलताना तर रक्तही आलं.

वायरमन रोज "उद्या नक्की" म्हणायचा. शेवटी तिनं काय काय लागतं ते त्यालाच फोनवर विचारून घेतलं आणि सामान आणलं. शिवणाच्या खडूनं बोर्डापासून पलंगापर्यंत भिंतीवर रेघ ओढली. रेघेवर प्लास्टिकची पट्टी आणि टोकाला सॉकेटची डबी पक्की बसवली. वायर तेवढी जोडायची राहिली.

"माझ्या पाठीपायी कोळसा होशील गं!" सासूबाई म्हणाल्या.

"मेन बंद केल्यावर कशी होईन, आई? तुमच्या बोलण्यानं झाले नाही ती!"

"आणि गादी?"

"हळूहळू बसेल. तोवर मी उरकते. तुम्ही कुशीवर व्हा आणि डाव्या हातात बॅटरी धरा. डबीत काही दिसत नाही."

चालू सॉकेटात टेस्टर पेटतो का, हे तिनं आधी बघितलं. मग मेन पाडला, टेस्टर पुन्हा लावून खात्री केली आणि बोर्ड उघडला. तिथं वायरी जोडून ती पलंगाकडे आली. लाल, काळी, हिरवी अशा तिन्ही वायरी एकेक करून सॉकेटाला आवळल्या. पण सॉकेट डबीवर ठेवलं, तर बसेचना. रेटलं तरी नाही.

सासूबाईंनी बॅटरी जवळ नेली. "अगं, वीतभर वायर कोंबलीयस आत! कापडाला सोडतेस तशी वायरीला माया सोडलीस होय? भिंत काय अंगानं भरणारेय?"

तिला हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही. सगळं सोडवून पुन्हा करायचं, आणि गादी तर निम्मी बसलेली.

"राहू दे, आई. मेन लावते. वायरमनच बघेल."

"कशाला? उसव आणि कर नीट. दुसऱ्यांदा तुझं काही वाकडं होत नाही, एवढं मला ठाऊक आहे. माझी पाठ मी सांभाळते."

सासूबाईंनी सुनेला असं पहिल्यांदाच ऐकवलं होतं. शिवणवालीनं डोळे पुसले, स्क्रू सोडले, जादा वायर कापली, टोकं पुन्हा सोलली. आवळल्यावर एकेक वायर ओढून बघितली, टाका ओढून बघावा तशी. फोटो वायरमनला धाडला. त्याचा लगेच फोन आला, "हिरवीचा स्क्रू अजून जरा आवळ. बाकी माझ्यापेक्षा सुबक केलंयस, बाई."

तिनं तो आवळला आणि सॉकेट गपकन बसलं. बोर्ड बंद करून तिनं मेन चढवला, टेस्टर पेटला, पंपाचा प्लग लागला. पंप घुमायला लागला आणि गादी सासूबाईंना खालून अलगद उचलू लागली. सासूबाईंनी डोळे मिटले. बॅटरी हातात तशीच जळत राहिली.

पुढं जखम सुकत गेली. भेटायला येणारे पाठीचं विचारत. सासूबाई आधी डाव्या हातानं सॉकेट दाखवत. "सुनेनं बसवलंय. बघा, पण हात लावू नका."