खालांचं घड्याळ चांगल्या घरी गेलं

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला गल्लीत सगळे काटेभाई म्हणतात. माणूस नाकासमोर चालणारा. नुसती चावी न दिल्यामुळे बंद पडलेलं घड्याळ कुणी आणलं, तर मजुरी सांगताना यालाच लाज वाटते.

नवरा गेल्यावर शेजारच्या खालांनी भिंतीवरचं ठोक्यांचं घड्याळ विकायचं काम त्याच्याकडे दिलं. "तू माझा वकील. मला काही विचारत बसू नकोस." शरीयतीतला वकील म्हणजे काळा कोट नव्हे, दुसऱ्याचं काम त्याच्या वतीनं करणारा.

पण काटेभाईचा जीव त्या घड्याळात कधीचा अडकलेला! त्यानं बाजारात भाव काढला, वर थोडी भर घातली आणि घड्याळ स्वतःच घेतलं. खालांना म्हणाला, "चांगल्या घरी गेलं." यात खोटं काय? घर चांगलंच होतं. फक्त त्याचं होतं!

घरी नेल्यावर मात्र त्याची झोप उडाली. ठोका खालांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं आत चिंधी बांधली. बायको म्हणाली, "विकत आणलंत की पळवून? बिचाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबलाय!"

शेवटी मौलवीसाहेब दुकानात आले, तेव्हा त्यानं हळूच विषय काढला. "समजा, एका माणसानं..."

"तोच ना, जो माझ्या घड्याळाचा पट्टा उलटा लावतोय?"

काटेभाईनं सगळं ओकलं. "पण भाव जास्तच दिला हो!"

"विकणारा तू, घेणाराही तू. मग तिच्या बाजूनं कोण होतं? जा, सांग तिला. तिनं मान्य केलं तर ठीक, नाहीतर घड्याळ तिचंच."

खालांसमोर त्याची मान वर होईना. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे भिंतीतून ठोके खरंच येत होते! मला वाटलं, माझंच डोकं फिरलं." मग त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "ते गेल्यापासून तो ठोका सोसवत नाही रे. लांब जावं म्हणून तर काढलं. भाव विचारत बाजारभर फिरलास, पण का विकतेय, ते मला विचारलंस का?"

काटेभाईला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. "मग... मान्य?"

"नाही."

त्यानं घड्याळ उतरवलं. नवं गिऱ्हाईक मिळालं, तेव्हा या वेळी त्याला आधी खालांसमोर उभं केलं. खालांनी एवढंच विचारलं, "राहता कुठं?"

"फार लांब पडतं हो," गिऱ्हाईक ओशाळून म्हणालं.

"मग मान्य," खाला म्हणाल्या.