शुभवर्तमानवाले साळवे

वाईट बातमी आणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण सगळं बुडत असताना "गूटे नाखरिश्ट!" म्हणून ओरडणारा माणूस एकच पाहिला. २००९ ची सुरुवात होती. जर्मनीतल्या इंगोलश्टाटला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत हे साळवे आणि मी, दोघेही कंत्राटी इंजिनिअर. मंदीमुळे रोज कुणाचं तरी टेबल रिकामं होत होतं. अशात, स्वतःचं कंत्राट संपणार असल्याचं कळलं त्याच दुपारी, हे गृहस्थ भर कँटीनमध्ये उभे राहिले आणि चांगली बातमी असल्याचं त्यांनी जाहीर केलं. आजूबाजूचे काटे-चमचे थांबले. एका जर्मन सहकाऱ्याने धडपडत उठून विचारलं, "कंत्राटं वाढवली?" साळवे म्हणाले, "नाही. येशू जिवंत आहे." शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश, या शब्दाचं त्यांनी आपल्या मते अचूक भाषांतर केलं होतं. मी ताट उचललं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो.

मला पळणं भाग होतं, कारण मीही साळवे. ते नगरचे ख्रिस्ती, मी औरंगाबादचा बौद्ध. तीन-चार पिढ्यांमागे आमचे पूर्वज एकाच वस्तीत राहत असणार. जर्मन लोक आम्हाला सख्खे भाऊ समजत. या साळव्यांनी काही उपद्व्याप केला की माना माझ्याकडे वळत.

बरं, हा माणूस पहिल्यापासून असा असता तर मी काही म्हटलं नसतं. पहिली तीन वर्षं त्यांच्या तोंडून देवाचं नाव निघालं नाही. जर्मनीत नाव नोंदवताना अर्जात धर्माचा रकाना असतो. ख्रिस्ती लिहिलं की पगारातून चर्चचा कर कापतात, म्हणून या भल्या माणसाने तिथे सरळ रेघ मारली होती. "देव काय, मनात असतो," असं तेव्हा म्हणायचे. मार्चमध्ये त्यांचं कंत्राट संपलं, आणि त्याच आठवड्यात ते आम्टात, म्हणजे नोंदणीच्या सरकारी कचेरीत, जाऊन रकाना भरून आले. मी म्हणालो, "आता पगारच नाही, कर कशातून कापणार? सोयीचे भक्त आहात!" मला वाटलं, लागेल त्यांना. ते हसून म्हणाले, "पगार होता तोवर लाज होती, साळवे. दोन्ही बरोबरच गेली."

हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांचा व्हिसा नोकरीवर टांगलेला. सप्टेंबरपर्यंत दुसरी नोकरी मिळाली नाही तर बायको-मुलीसह परत. मुलगी रूथ पहिलीत होती. आई मराठीत रागावली तरी ती उत्तर जर्मनमध्ये द्यायची. नगर तिला फोटोतलंच माहीत. शैलावहिनी त्या काळजीने खंगत चालल्या होत्या.

आणि साळवे? ते सकाळी आर्बाइट्सआम्टच्या, म्हणजे रोजगार कचेरीच्या, रांगेत चहाचा थर्मास घेऊन उभे राहत. स्वतःचा नंबर येईपर्यंत मागच्या-पुढच्यांना कागदी कपातून आल्याचा चहा द्यायचा आणि कपासोबत येशूचं पत्रक. मी एकदा त्यांना सोडायला गेलो होतो तेव्हा हा तमाशा पाहिला. "माणसं चहाला थांबतात, प्रभूला नाही," मी म्हणालो. "थांबतात ना पण," ते म्हणाले. मग जरा वेळाने, विचारलं नसताना: "सगळं ठीक होतं तेव्हा लोक विचारायचे, पगार किती? आता विचारतात, हसता कसे? मला आत्ता कुठे बोलायला जागा मिळाली." असल्या वाक्यांनी माझं डोकं उठायचं. ज्याचं जळतं त्याने पाणी शोधावं, शेजाऱ्यांना शेकायला बोलावू नये.

वहिनींचं एकच पालुपद होतं. "अहो, आधी अर्ज टाका, मग साक्ष द्या." त्यांच्यात आपल्या श्रद्धेचा अनुभव चारचौघांत सांगण्याला साक्ष देणं म्हणतात. साळवे अर्ज टाकत होते, हे खरं. जूनमध्ये रेगेन्सबर्गच्या एका फर्मने मुलाखतीला बोलावलंही. तांत्रिक प्रश्न झाले, सगळं जुळलं, आणि शेवटी त्या बाईंनी सहज विचारलं, या कठीण काळात तुम्ही उत्साह कसा टिकवला? तिथे "मला कामाची आवड आहे" एवढं म्हणायचं असतं. यांनी वीस मिनिटं साक्ष दिली. नोकरी गेली. मी फोनवर अक्षरशः ओरडलो. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "अहो, त्यांनीच विचारलं ना."

ऑगस्टमध्ये ते निरोपाचं जेवायला माझ्याकडे आले. जॅकेट अडकवायला त्यांनी कपाट उघडलं आणि आत, कपड्यांच्या मागे, माझी बुद्धमूर्ती त्यांना दिसली. मूर्ती बाहेर ठेवायची माझी हिंमत नव्हती. जर्मनांचं काही नाही, ते शोभेला बागेतही बुद्ध ठेवतात, पण आपले मराठी पाहुणे "साळवे म्हणजे नक्की कुठले?" असं गोड आवाजात विचारतात, आणि साळवे अधिक बुद्ध हे गणित त्यांना चटकन सुटतं. मी आजवर "औरंगाबादचे" म्हणून वेळ मारून नेली होती. साळवे कपाटाचं दार उघडं धरूनच माझ्याकडे वळले. "तुमच्याकडे एवढं मोठं सांगण्यासारखं आहे आणि तुम्ही ते कोटांमागे ठेवता? मला राग येतो तुमचा." मी म्हणालो, "मला चार लोकांत राहायचं आहे. तुमच्यासारखं हसं करून घ्यायचं नाही." त्यांनी मान डोलावली. "माझं सगळं गेलंय, त्यामुळे मला सोपं जातं. तेही खरं." जेवताना पुन्हा विषय काढला नाही. मला घास गोड लागला नाही, आणि त्याचाही राग मी त्यांच्यावरच काढला.

सप्टेंबरात म्युनिकच्या गाडीवर त्यांना सोडायला गेलो. वहिनी सामानासह आत बसल्या. रूथ खिडकीला नाक लावून "इख विल निश्ट", मला नाही जायचं, एवढंच पुटपुटत होती, आणि तिचं शाळेचं दप्तर माझ्या हातात राहिलं होतं. साळवे दारात उभे राहून प्लॅटफॉर्मवरच्या माणसांना उरलेली पत्रकं वाटत होते. लोक चढेनात, दार लागेना, गाडीला उशीर होऊ लागला. वैतागलेला कंडक्टर माझ्याकडे आला. "हे गृहस्थ तुमच्याबरोबर आहेत?" आजूबाजूचे सगळे बघत होते.

"नाइन," मी म्हणालो. "मी ओळखत नाही त्यांना."

कंडक्टरने माझ्या हातातल्या गुलाबी दप्तराकडे पाहिलं आणि तो पुढे गेला. साळव्यांनी सगळं ऐकलं होतं. ते खाली उतरून माझ्यापाशी आले, माझ्या हातातून दप्तर घेतलं, आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "अहो साळवे, येशूला पकडून नेलं ना, तेव्हा त्याचा जवळचा शिष्य पेत्र हेच म्हणाला होता. ओळखत नाही. पुढे सगळ्या शिष्यांत येशूबद्दल जास्त तोच बोलला." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत चढले.

दार बंद झालं. मी बौद्ध माणूस, त्यांच्या पेत्राशी माझा काय संबंध, असं घरी पोहोचेपर्यंत मी स्वतःला बजावत होतो. पण लाज वाटायची ती वाटलीच.